स्वस्तातली नसबंदी: पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत

कमी उत्पन्नाच्या घरातल्या कुत्र्यांची सवलतीच्या दरात नसबंदी करून देणाऱ्या सेवेबद्दल दोन ठाम मतं कायम ऐकू येतात. स्वस्त आहे म्हणजे शिकाऊ हातांनी घाईत उरकलेलं काम असणार, हे एक. ऑपरेशन तर सगळीकडे तेच, मग जिथे सगळ्यात कमी पैसे तिथे जावं, हे दुसरं. दोन्ही मतं धरून बसणाऱ्यांची फसगत होते. मादीचं अंडाशय आणि गर्भाशय किंवा नराची वृषणं काढायची, एवढं काम सगळीकडे सारखंच असतं. पण दर कुठून खाली आणलाय हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. कामाला शिस्त लावून आणलेला कमी दर उत्तम. वेदनाशामकं, ऊब आणि ऑपरेशननंतरची देखरेख कापून आणलेला कमी दर महागात पडतो. पावतीवरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून इथे परीक्षण आहे ते त्या आकड्यामागे काय चालतं याचं.

दर खाली येतो तो असा

नेहमीच्या खासगी दवाखान्यात एका नसबंदीसाठी डॉक्टर, मदतनीस, टेबल आणि भुलीचं मशीन तासभर तरी अडकतं. दिवसाचं भाडं, वीज, पगार हे सगळं मग त्या दोन-चार ऑपरेशनांवर वाटलं जातं. मोठ्या संख्येने नसबंदी करणाऱ्या केंद्रात डॉक्टर जनावर तपासतो, कापतो आणि शिवतो, बस्स. वजन, भुलीआधीचं इंजेक्शन, केस काढणं, जागा धुणं हे शिकवून तयार केलेले मदतनीस बघतात आणि एक जनावर टेबलवरून उतरायच्या आत पुढचं तयार असतं. सरावलेल्या सर्जनला लहान वयाच्या मादीला १५ ते २० मिनिटं लागतात, नराला त्याहून कमी. एकच ऑपरेशन रोज, दिवसभर, वर्षानुवर्षं केल्यावर छेदही लहान येतो, जनावर भुलीखाली कमी वेळ राहतं आणि त्याचं अंग कमी गार पडतं. म्हणजे वेगाचा फायदा आधी जनावराला होतो, खिशाला नंतर.

आकडेही तेच सांगतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशाच एका केंद्रातल्या एक लाखाहून जास्त कुत्र्या-मांजरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मृत्यूचं प्रमाण सगळे मिळून ०.०३ टक्के आणि नुसत्या कुत्र्यांचं ०.००९ टक्के निघालं. २००८ च्या ब्रिटिश पाहणीत सर्वसाधारण दवाखान्यांतल्या निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी निगडित मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के होतं. पहिल्यात फक्त नसबंदीला आलेली जनावरं आहेत, दुसऱ्यात सगळ्या तऱ्हेची ऑपरेशनं. त्यामुळे हे आकडे शेजारी मांडून कोण सरस ते ठरवू नये. पण गर्दीचं केंद्र म्हणजे जास्त धोका, हे गणित काही टिकत नाही.

उरलेला भार देणग्या, अनुदान आणि पालिकेसारख्या संस्था उचलतात. त्यात लपवाछपवी काहीच नसते. चांगल्या केंद्रात विचारलं तर ऑपरेशनचा खरा खर्च किती, त्यातला तुमच्याकडून किती घेतला आणि बाकीचा कुठून आला, हे सरळ सांगतात.

हे नसलं तरी बिघडत नाही

सलाईन लावलं नाही म्हणून पुष्कळजण नाराज होतात. निरोगी, तरुण कुत्र्याच्या वीस मिनिटांच्या ऑपरेशनला सलाईन लागतंच असं नाही. मोठी मादी, माजावरची किंवा गाभण मादी असेल तर ते हवं, आणि गरज पडल्यास लगेच लावता येईल अशी तयारी केंद्रात हवी.

प्रतिजैविकांचं उलटंच आहे. पाच दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या की काळजी घेतल्यासारखं वाटतं. स्वच्छ ऑपरेशनला त्यांची गरज नसते. सरसकट प्रत्येक जनावराला प्रतिजैविकं देणारी जागा आपल्या निर्जंतुकीकरणावर आपलाच भरवसा नसल्याची कबुली देत असते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रक्ततपासणीचं मात्र थोडं सांभाळून. धडधाकट, तरुण कुत्र्याला ती वगळली तर फारसं बिघडत नाही, नीट केलेली तपासणी पुरते. गोचिडांनी भरलेलं जनावर मात्र वेगळं. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी होतात, जनावर बाहेरून ठीक दिसतं आणि टेबलवर रक्त थांबत नाही. डोबरमनमध्ये रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. त्याच्या हिरडीवर किंवा ओठाच्या आतल्या बाजूला बारीक टोच देऊन रक्त किती वेळात थांबतं हे आधी बघून घेता येतं. अशा कुत्र्यांसाठी वेगळी तपासणी मागावी आणि तिचे पैसे द्यावेत.

इथे हात आखडला असेल तर परत फिरावं

पहिली गोष्ट काटा. भुलीचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं. बारा किलोच्या कुत्र्याला नजरेने पंधरा किलो धरलं तर प्रत्येक औषध २५ टक्के जास्त गेलं. वजनाचा काटा न दिसणारी जागा बाकी कितीही चकचकीत असो, नापास.

दुसरी, हत्यारं. प्रत्येक जनावराला वेगळा, वाफेवर निर्जंतुक केलेला संच लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा तास जातो, त्यामुळे दिवसाला वीस ऑपरेशनं करायची तर बांधून ठेवलेली वीस गाठोडी सकाळीच तयार हवीत. वाफेत निघालेल्या गाठोड्यावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो, तो दाखवा म्हटलं तर दाखवायला कुणाला अडचण नसावी. एकच संच औषधी पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून पुढच्या जनावराला वापरणं ही जुनी सवय अजून काही शिबिरांत दिसते. टाक्यांमध्ये पू होण्याची सुरुवात तिथूनच होते.

तिसरी, दोरा. आत विरघळणारा, निर्जंतुक, पाकीटबंद दोरा वापरायचा असतो. पैसे वाचवायला रीळवरचा साधा विणीचा दोरा किंवा नायलॉनच्या केबल टाय वापरल्या की ऑपरेशन बिनबोभाट पार पडतं आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, कुशीवर पू वाहणारं भोक पडतं. बाहेरून कितीही मलमपट्टी केली तरी आतला दोरा काढेपर्यंत ते बंद होत नाही. त्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च पहिल्याच्या कितीतरी पट.

चौथी, वेदनाशामकं. ही एकाच वेळी दोन-तीन तऱ्हेची हवीत: भुलीआधी ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या गटातलं, सोबत मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं सूज उतरवणारं, आणि नरात वृषणात जागा बधिर करणारं थोडं लिडोकेन. लिडोकेन अतिशय स्वस्त आहे, द्यायला मिनिट लागतं, त्यामुळे ते वगळण्याला खर्चाचं कारण चालत नाही. घरी न्यायला दोन-तीन दिवसांचं औषध मिळालं तर उत्तम. नुसत्या झायलॅझीन-केटामाईन या भुलीच्या औषधांवर ऑपरेशन करून 'इंजेक्शन दिलंय, दुखणार नाही' म्हणणाऱ्यांना विचारावं, संध्याकाळी भूल उतरल्यावर काय?

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. भूल उतरताना शेजारी माणूस आहे का? आधी उल्लेख केलेल्या ब्रिटिश पाहणीत भुलीशी निगडित कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे ऑपरेशन संपल्यानंतरचे होते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास पहिल्या तीन तासांतले. सगळ्यांचं लक्ष टेबलकडे असतं, जनावर जातं ते कोपऱ्यातल्या चटईवर. चांगल्या केंद्रात त्या रांगेसाठी वेगळा माणूस नेमलेला असतो आणि तो दुसऱ्या कामाला उठत नाही. भुलीसाठी श्वासनळीत घातलेली नळी कुत्रा गिळण्याची हालचाल करू लागला की लगेच काढायची; पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत मात्र ते पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतःच नळी नको म्हणेपर्यंत थांबायचं. हिरड्या गुलाबी आहेत ना, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो ना, गुदद्वारातलं तापमान किती, हे दर काही मिनिटांनी बघायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. ऑपरेशननंतर ते ३७ च्या खाली गेलं की औषधं शरीरातून निघायला उशीर होतो आणि कुत्रा तासन् तास सुस्त पडून राहतो. पोटावर ओतलेलं स्पिरिट, गार स्टीलचं टेबल आणि उघडं पोट ही त्याची तीन कारणं. म्हणून अंगाखाली घोंगडी किंवा वर्तमानपत्राची जाड घडी हवी, वर पांघरूण हवं. गरम पाण्याची बाटली थेट कातडीला लावली तर बेशुद्ध कुत्रा सरकू शकत नाही आणि भाजतो. ती फडक्यात गुंडाळूनच.

चार तऱ्हा, चार वेगळे गुण

कायमचं केंद्र. निरोगी, साधारण चार महिने ते सहा-सात वर्षांच्या कुत्र्यासाठी आमची पहिली पसंती याला. माणसं तीच, यंत्रं जागेवर, आणि दहाव्या दिवशी टाके दाखवायला जाऊ तेव्हा दार उघडं असतं. त्रास एकच, प्रतीक्षायादी लांब.

फिरती व्हॅन. ऑपरेशनचा दर्जा बहुधा केंद्राइतकाच असतो, कारण आतली मांडणी तीच. लांब जायला वाहन नसलेल्यांना दारापर्यंत सेवा येते, ही मोठी गोष्ट. कमजोरी संध्याकाळी कळते. व्हॅन पाच वाजता निघून जाते, आणि रात्री नऊला टाक्यातून रक्त यायला लागलं तर? नाव नोंदवतानाच रात्री कोण फोन उचलणार आणि कुठल्या दवाखान्याशी ठरलेलं आहे हे विचारून घ्यावं. त्याला नीट उत्तर असेल तर व्हॅनला केंद्राच्या बरोबरीचे गुण.

एक-दोन दिवसांचं शिबिर. सगळ्यात जास्त चढउतार इथे. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या हॉलमध्येही उत्तम काम होऊ शकतं. तात्पुरती जागा म्हणून निकष खाली येत नाहीत. असोसिएशन ऑफ शेल्टर व्हेटरिनेरियन्स या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली नसबंदी कार्यक्रमांसाठी निकष काढले, २०१६ साली ते सुधारले, आणि ते इमारतीलाही लागू आहेत, व्हॅनलाही आणि शिबिरालाही. शिबिरात बघायच्या दोन गोष्टी: ऑक्सिजनचा सिलिंडर उभा आहे का, आणि आज किती नोंदी घेतल्या आहेत. दोन डॉक्टर आणि शंभर कुत्री असा हिशेब ऐकू आला तर शेवटच्या तीस कुत्र्यांचं काय होणार ते ओळखून घ्यावं. भल्या सकाळचा नंबर मिळत असेल तर तोच घ्यावा.

खासगी दवाखान्यात चालणारं सवलतीचं कूपन. नेहमीचा डॉक्टर, कमी गर्दी, एका वेळी एक जनावर. वय झालेल्या, फार लठ्ठ किंवा आजार असलेल्या कुत्र्यासाठी हाच मार्ग बरा. पण कूपनमध्ये फक्त ऑपरेशन धरलेलं असतं. रक्ततपासणी, सलाईन, माजावर असल्याचा जादा आकार, टाके चाटू नयेत म्हणून घालायचा नरसाळ्यासारखा गळ्यातला कोन, घरची औषधं हे सगळं काउंटरवर वाढत जातं आणि बिल सवलतीच्या केंद्रापेक्षा वर जातं. सगळे आकार धरून अंदाज आधी कागदावर घ्यावा. कूपनला मुदत असते आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात तारीख मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

नोंदणी, आणि दारातून परत पाठवण्याची कारणं

पात्रतेसाठी बहुतेक ठिकाणी उत्पन्नाचा किंवा एखाद्या सरकारी सवलतीत नाव असल्याचा कागद मागतात. काही ठिकाणी नुसता पत्ता पुरतो. सही सज्ञान मालकाचीच लागते, शेजाऱ्याच्या मुलाबरोबर कुत्रा पाठवून भागत नाही. पिल्लू चार महिन्यांचं झालं की नाव घालून ठेवावं, कारण यादी पुढे सरकेपर्यंत सहावा महिना उजाडतो. घाई असेल तर आदल्या दिवशी दुपारनंतर फोन करून कुणी रद्द केलंय का ते विचारावं. ठरवून न येणारे सगळीकडेच असतात, आणि रिकामी जागा केंद्रालाही परवडत नाही.

एक दिवसाची मजुरी बुडवून, कुत्रं उचलून नेलं आणि परत पाठवलं, हा खरा खर्च कुठल्याच दरपत्रकात नसतो. तो टाळता येतो. मादी माजावर असेल तर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आणि ऊती नाजूक असतात, रक्तस्राव वाढतो. काही केंद्रं तरीही करतात, बरीचशी नाही. माज साधारण दोन-तीन आठवडे चालतो, त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ऑपरेशन केलेलं सगळ्यात चांगलं. व्यायलेल्या मादीची पिल्लं दूध सोडून तिची कास आटेपर्यंत थांबावं, कारण दुधाने भरलेल्या कासेमुळे छेदाची जागा सुजट असते. गाभण असल्याची शंका असेल तर सांगून टाकावं. तेव्हाही ऑपरेशन करता येतं, पण गर्भ काढला जाईल याला मालकाची संमती आधी लागते आणि वेळ जास्त धरावा लागतो. याशिवाय खोकला, हगवण, ताप, अंगभर गोचीड. आणि चावरा कुत्रा, ज्याला मुसकी बांधायची सवय घरी लावलेली नाही.

उपाशी ठेवण्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'रात्रीपासून काही नको' ही सूचना मोठ्या कुत्र्याला चालते, पिल्लाला घातक ठरू शकते. वर सांगितलेल्या निकषांनुसार ६ ते १६ आठवड्यांच्या पिल्लाला चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही, नाहीतर रक्तातली साखर उतरते. त्याहून मोठ्याला निदान चार तास. पाणी केंद्रात जाईपर्यंत ठेवावं. मात्र मुलांनी लाडाने बिस्कीट दिलं असेल तर लपवू नये. भरल्या पोटाने भुलीत उलटी झाली की ती फुप्फुसात जाते.

लस घेतलेली नसेल तर त्याच दिवशी देणारी केंद्रं आहेत आणि त्यात वावगं काही नाही. ज्यांना पुन्हा यायला जमणारच नाही त्यांच्यासाठी रेबीजची लस आणि नसबंदी एका फेरीत होणं हा या सेवेचा मोठा फायदा म्हणायला हवा.

टेबलवर काय होतं

मादीच्या बेंबीच्या थोडं खाली, पोटाच्या मधोमध, काही सेंटिमीटरचा छेद. बारीक हुकाने गर्भाशयाचं एक शिंग, म्हणजे त्याच्या दोन फांद्यांपैकी एक, बाहेर घेतात आणि त्याच्या मागोमाग वर जाऊन अंडाशय गाठतात. अंडाशय वरच्या बाजूला एका घट्ट बंधाने धरलेलं असतं. तो बंध बोटाने ताणून सोडवावा लागतो, आणि हाच सगळ्यात वेदनादायक क्षण. वेदनाशामक अपुरं असेल तर याच क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जोरात चालतो. उजवं अंडाशय डाव्यापेक्षा पुढे, बरगड्यांकडे असतं, त्यामुळे नवख्या हाताला तेच त्रास देतं. तिथे हात नीट पोचला नाही तर अंडाशयाचा तुकडा आत राहतो आणि काही महिन्यांनी नसबंदी झालेली मादी पुन्हा माजावर येते. रक्तवाहिनी दोऱ्याने बांधून कापली की आत सोडायच्या आधी चिमट्यात धरून रक्त येतंय का बघतात. लठ्ठ मादीत दोरा चरबीवरच आवळला जातो, नंतर सैल पडतो आणि पोटात रक्त साचतं. पोट शिवायच्या आधी कापसाच्या घड्या मोजतात. मोजणी मोठ्याने म्हणणारी टीम दिसली तर तिला आमचे पूर्ण गुण.

शिवण तीन थरांत असते आणि खरा भार सगळ्यात आतल्या, स्नायूंच्या पांढऱ्या पट्टीवरच्या टाक्यांवर असतो. कातडीची शिवण कितीही सुबक दिसली तरी आतली सुटली तर हर्निया होतो. शेवटी छेदाशेजारी हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदतात. ती आवर्जून मागावी. कुत्रा हरवला, घर बदललं, कागद गेला, तरी पुढचा डॉक्टर ती रेघ पाहून पोट पुन्हा उघडणार नाही.

नराचं काम सोपं. लहान छेद, दोन गाठी, संपलं.

घरचे दहा-चौदा दिवस

कुत्रा स्वतःच्या पायावर उभा राहून चालत नसेल तर सही करून घरी नेऊ नये. पहिल्या रात्री निम्म्याहून कमी खाणं, पाणी थोडं थोडं, झोपायला जमिनीवरची उबदार जागा. काही तास कण्हणं, थरथरणं हे भुलीचे अवशेष असतात. घशात नळी होती म्हणून एक-दोन दिवस ठसका येतो. बारा तासांनंतरही उठत नाही, हिरड्या पांढुरक्या, पोट फुगतंय, पुन्हा पुन्हा उलटी, चोवीस तासांत लघवी नाही, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नये.

घरातली माणसांची वेदनाशामकं देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटामॉलचा डोस चुकला की यकृत. केंद्राने मेलोक्सिकॅम दिलं असेल तर त्यावर दुसरं काही नको.

टाके सुटण्याचं पहिलं कारण चाटणं, दुसरं उड्या. 'आमचा चाटत नाही' म्हणणाऱ्यांच्या कुत्र्यांनी रात्रीतून टाके उसवलेले असतात. गळ्यातला कोन नाकाच्या टोकापुढे दोन बोटं यायला हवा, तेवढा आला नाही तर जीभ पोचते. कोन परवडत नसेल तर मादीला जुना, अंगाला बसणारा टी-शर्ट, पुढचे पाय बाह्यांतून काढून आणि मागे कमरेवर गाठ मारून. लघवीला नेताना वर सारायचा, ओला झाला की बदलायचा. नराला टी-शर्ट उपयोगाचा नाही, त्याला कोनच. अंघोळ दोन आठवडे बंद, फिरणं फक्त पट्ट्यावर.

छेदाकडे दिवसातून दोनदा बघायचं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दोऱ्याच्या जागी वाटाण्याएवढी घट्ट गाठ लागली तर घाबरण्याचं कारण नाही, ती जिरते. मऊ, वाढत जाणारी सूज, ठिबकणारं रक्त, पू किंवा फट दिसली तर दाखवायला न्यावं. फुकट फेरतपासणीची सोय असते ती याचसाठी. नराची रिकामी पिशवी थोडी काळी-निळी पडते. ती चेंडूसारखी टम्म झाली तर आत रक्त साचलंय, बहुधा जास्त पळाल्यामुळे.

नराच्या शरीरात आधीचे शुक्राणू काही आठवडे राहतात, महिनाभर त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून लांब ठेवावं. माजावर असताना ऑपरेशन झालेल्या मादीकडे नर आणखी काही दिवस येत राहतात. ती गाभण राहणार नाही, पण समागमात आतली ताजी शिवण फाटू शकते, म्हणून दार बंद.

वय, आणि कुणी शिबिराला जाऊ नये

अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनचा सल्ला सरळ आहे: मोठं झाल्यावर साधारण २० किलोच्या आत राहील अशा जातीचा नर सहा महिन्यांचा झाल्यावर, मादी पहिल्या माजाच्या आधी, त्याहून मोठ्या जातींचा नर हाडांची वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण ९ ते १५ महिन्यांत. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्डसारख्यांत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे त्रास वाढल्याचं दिसलं आहे. मोठ्या जातीच्या मादीला मात्र पुढेमागे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो. औषधाने तो आटोक्यात येतो, पण हे आधी सांगणारी केंद्रं कमी. ही या सेवेतली आम्हाला सर्वाधिक खटकणारी उणीव. घरात नर-मादी एकत्र असतील तर मात्र महिन्यांची ही गणितं बाजूला ठेवून लवकर उरकावं. मादी ६३ दिवसांत विते आणि पिल्लांचा खर्च सांध्यांची वाट बघत नाही.

उशीर करण्याचीही किंमत आहे. स्वीडनमधल्या विमा नोंदींवरून नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी साधारण पाचात एकीला दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होतो, बहुधा माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं, या समजाला आधार नाही. आणि नसबंदीने चावणं सुटतं असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही; भित्र्या कुत्र्याच्या चावण्यावर तिचा उपाय चालत नाही.

वजन वाढतं, हे खरं. खाणं साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश कमी करून महिन्याने पुन्हा वजन करावं.

हृदयाच्या ठोक्यांत कुरकुर, म्हणजे जादा आवाज, ऐकू येणारा कुत्रा, सात-आठ वर्षांपुढचा, फार लठ्ठ, चपट्या नाकाचा, किंवा योनीतून घाण वास येणारा स्राव असलेली मादी, यांनी शिबिराची रांग धरू नये. शेवटचं प्रकरण तर नसबंदी नसून तातडीचं ऑपरेशन आहे. ज्या नराचं एक वृषण खाली उतरलेलं नाही त्यानेही शिबिराची रांग धरू नये: ते पोटात किंवा जांघेत शोधावं लागतं, वेळ दुप्पट लागतो आणि सवलतीच्या दरात ते बहुधा धरलेलं नसतं. ते आत सोडून फक्त दिसणारं काढून देणारे भेटतात, त्यांना नकार द्यावा, कारण पोटात राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. नोंदणीच्या वेळीच दोन्ही हाताला लागतात का ते चाचपून फॉर्मवर लिहावं, म्हणजे केंद्र त्या दिवशी जास्त वेळ राखून ठेवेल किंवा कूपन चालणाऱ्या दवाखान्याची चिठ्ठी आधीच देईल.